आधी पानं जमवा, बादली मागाहून

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं मनात असेल तर बादलीच्या आधी पालापाचोळा जमवायला लागा. मुंबईत बदाम, पिंपळ शिमग्याच्या सुमारास पानं टाकतात. आमच्या चेंबूरच्या सोसायटीत झाडूवाले मामा ती कचऱ्याच्या गाडीत भरायचे. मी त्यांना तांदळाची रिकामी पोती देऊन ठेवली. आता भरलेली पोती जिन्याखाली असतात. आषाढात कोरडं पान शोधून मिळत नाही, आणि खत बिघडतं ते नेमकं तेव्हाच. पानांऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत मिळतं, पण पानं फुकट पडलेली असताना पैसे कशाला?

रंगाची रिकामी वीस लिटरची बादली धुऊन घ्या. तापवलेल्या खिळ्याने तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. खाली जुनं ताट, वर झाकण. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर विरजणासारखं मूठभर जुनं खत. ते नसेल तर आंबट ताक शिंपडा. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून घाला आणि त्यावर दुप्पट चुरलेली पानं. दुप्पट म्हणजे वाटीच्या मापाने, वजनाने नव्हे. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. कोलंबीची सालं, माशांचे काटे मी घालत नाही, घुशी येतात. आंब्याची कोय कुजायला फार वेळ घेते.

घाण वास आला तर ओल जास्त झाली, हवा कमी पडली. पानं घाला, ढवळा. हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनारच्या कचराभूमीच्या डोंगरात हेच चालतं. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हाचा धूर आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

अळ्या दिसल्या की निम्मे लोक बादलीच टाकून देतात. पांढरट-करड्या, जाडसर अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. फारच किळस आली तर वरून पानांचा जाड थर द्या.

बादली भरली की दुसरी सुरू करा. पहिली दीड-दोन महिने तशीच राहू द्या, फक्त अधूनमधून ढवळा. खत काळं, भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसासारखा वास आला की चाळून घ्या. तुळशीला, कढीपत्त्याला मूठभर पुरतं. चाळणीत राहिलेले जाडे तुकडे नव्या बादलीच्या तळाला घाला, विरजण वेगळं शोधावं लागत नाही.