बाळाचे माइलस्टोन बघताना या चुका टाळा

माइलस्टोन म्हणजे मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं असे बाळाच्या वाढीचे टप्पे. ते बघताना सगळ्यात आधी बाळाचं वय नीट मोजा, बरीचशी काळजी तिथेच मिटते. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर माइलस्टोनसाठी वय जन्मतारखेपासून नाही, ड्यू डेटपासून धरायचं, म्हणजे 32 व्या आठवड्यात झालेलं बाळ आज चार महिन्यांचं असलं तरी या हिशोबाने ते दोनच महिन्यांचं आहे आणि त्याने अजून मान धरली नाही तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे गणित साधारण दोन वर्षांपर्यंत लावतात. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे हे गणित लावायचं नाही.)

दुसरी चूक म्हणजे ॲपने दाखवलेला महिना हीच शेवटची तारीख समजणं. डब्ल्यूएचओने 2006 साली भारतासकट पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून जी वयं दिली त्यात आधाराशिवाय बसणं साधारण 4 ते 9 महिने आणि एकट्याने चालणं 8 ते साडेसतरा महिने, एवढा मोठा फरक आहे! काही मुलं तर रांगतच नाहीत, बसतात आणि डायरेक्ट उभी राहतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2022 मध्ये आपली माइलस्टोनची यादी बदलली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं, आणि 75 टक्के किंवा जास्त मुलांना ज्या वयात जे जमतं तेच तिथे ठेवलं. म्हणून त्या यादीतलं काही राहिलं तर घाबरू नका पण डॉक्टरांना विचारा नक्की.

रिफ्लेक्सला, म्हणजे बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींना, माइलस्टोन समजू नका. नवजात बाळ बोट घट्ट धरतं, उभं धरलं की पावलं टाकल्यासारखं करतं, आणि घरात सगळे म्हणतात हे लवकर चालणार, मग दोनेक महिन्यांनी ते पावलं टाकणं बंद होतं आणि आई घाबरते की येत होतं ते गेलं. ते जायलाच हवं असतं. हसण्याचंही तसंच, झोपेतलं हसू वेगळं, तुमच्याकडे बघून हसणं साधारण 6 ते 8 आठवड्यांनी येतं. आणि हे बघायचं तर बाळ पोटभर प्यायलेलं, झोप झालेलं हवं, चेहरा 20 ते 30 सेंटिमीटरवर हवा, लांबून खुळखुळा वाजवून नवजात बाळाने बघावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

मान धरायला उशीर होतोय असं वाटलं तर आधी बघा की बाळ दिवसभर पाठीवर किंवा कडेवरच असतं का. जागं असताना दिवसातून दोन-तीनदा 3 ते 5 मिनिटं पालथं घाला, दूध पाजल्या पाजल्या नको, आणि तुम्ही समोर बसून राहा. रडलं तर तुमच्या छातीवर पालथं घ्या, तेही चालतं. झोपवायचं मात्र पाठीवरच. वॉकर आणूच नका, त्याने चालणं लवकर येत नाही आणि पडून लागण्याचा धोका आहे, कॅनडाने तर 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली.

आता उलटी चूक, आणि मला हीच जास्त गंभीर वाटते: "आमच्याकडे सगळीच उशिरा बोलली, थांबून बघू." ऐकू न येणारं बाळसुद्धा सुरुवातीला हुंकार देतं, त्यामुळे आवाज काढतंय म्हणजे ऐकू येतंय असं धरू नका, पहिल्या महिन्यातच श्रवण तपासणी करून घ्या. मोठ्या आवाजाला अजिबात दचकत नाही, दोन महिने उलटले तरी चेहऱ्याकडे बघत नाही, चार महिन्यांनंतरही मान पडते, अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागतं, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, किंवा आलेली गोष्ट करायचं थांबलं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या लसीपर्यंत थांबू नका. आणि झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक झटके दिल्यासारखं वाकत असेल, हात उडवत असेल, तर दचकलं म्हणून सोडू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.