चालू नेटवर्कमध्ये यूएसबी लॅन अडॅप्टर काढला की कर्नल क्रॅश, असं सुटलं

लिनक्सवर एका यूएसबी लॅन अडॅप्टरच्या ड्रायव्हरचं काम होतं, डेटा चालू असताना अडॅप्टर उपसला की मशीन हँग व्हायचं पण दरवेळी नाही, आणि असलेच बग पकडायला सगळ्यात अवघड. कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल) चालू करून कर्नल बिल्ड केला, पिंग सुरू ठेवून अडॅप्टर काढ-घाल केली आणि लॉगमध्ये स्पष्ट आलं, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, दोन्हीचे स्टॅक ट्रेस (फंक्शन कॉलची साखळी) कासान समोर ठेवतो, खरंच अफाट टूल आहे.

झालं असं, की लिंक चालू आहे का बघायला ड्रायव्हर एक डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालणारं काम) लावायचा, ते परत परत स्वतःलाच रांगेत टाकायचं. डिस्कनेक्टमध्ये (अडॅप्टर काढल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) त्याला थांबवणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे नेटडिव्हाइस (कर्नलमधली त्या अडॅप्टरची नोंद) फ्री झाल्यावरही ते उठून जुन्याच पॉइंटरला हात घालायचं.

उपाय दोन-तीन ओळींचा, पण क्रम महत्त्वाचा: आधी अनरजिस्टर_नेटडेव्ह, मग उरलेले यूआरबी, म्हणजे यूएसबीवरच्या डेटा देवाणघेवाणीच्या विनंत्या, किल (कारण त्यांचा कॉलबॅक वर्क पुन्हा लावू शकतो), मग कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक आणि शेवटी फ्री_नेटडेव्ह. नावातलं ते 'सिंक' विसरू नका, वर्क चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणारं तेच आहे. फक्त वर्कच्या आत आरटीएनएल लॉक (नेटवर्क सेटिंग बदलताना घ्यायचा कर्नलचा लॉक) घेत असाल तर तो धरून कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक कॉल करू नका, डेडलॉक होईल.