सरकारी मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी?

स्मार्ट मीटर, ॲपवरून मिळणारी टॅक्सी, मोबाइल रिचार्जचे दर, ऑनलाइन औषधविक्री किंवा आपली वैयक्तिक माहिती साठवून ठेवणाऱ्या कंपन्या यांबद्दल ठाम मत नसलेला माणूस नागपुरात सापडणे कठीण आहे. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सकाळी आठ वाजता या सर्व प्रश्नांचा निकाल लागलेला असतो. मात्र ज्या टेबलावर नियमाचा अंतिम मजकूर ठरतो, तेथपर्यंत यातील फारच थोडी मते लेखी पोहोचतात, आणि जी पोहोचतात त्यांतील बरीचशी अशा स्वरूपात असतात की अधिकाऱ्याला त्यांवर काय उत्तर द्यावे हेच कळत नाही. अनेक कायद्यांनी नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करण्याची अट घातली आहे. अशा वेळी 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 23 नुसार, मुदतीत आलेल्या हरकती व सूचना विचारात घेणे संबंधित प्राधिकरणावर बंधनकारक असते. विचारात घेणे बंधनकारक आहे, मान्य करणे नाही. म्हणून हरकत अशी लिहावी की ती फेटाळायची झाली तरी कारण द्यावे लागेल. पुढील सर्व मार्गदर्शन याच एका हेतूने केले आहे.

सर्वांत आधी आपली तक्रार नेमक्या कोणत्या दारावर न्यायची हे ठरवावे, कारण बहुतेक श्रम येथेच वाया जातात. विजेच्या बिलाचेच उदाहरण घेऊ. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी असतात. घरमालक शेवटचा आकडा पाहून संतापतो. प्रत्यक्षात या ओळींचे कर्ते वेगळे आहेत. स्थिर, वीज आणि वहन आकाराचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 64 खाली जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. वीज शुल्क हा मात्र राज्य शासनाचा कर आहे, त्यामुळे त्याबद्दल आयोगापुढे कितीही प्रभावी भाषण केले तरी आयोगाच्या हातात काही नसते. ती मागणी आमदारामार्फत किंवा थेट शासनाकडे करावी लागते. ‘मीटर लय पळून राहिलं ना’ ही तिसऱ्याच प्रकारची तक्रार आहे. ती एका मीटरची असल्यास आधी स्थानिक कार्यालयाकडे मीटर तपासणीची लेखी मागणी करावी, तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे, ज्यांचे कार्यालय नागपुरातही आहे. दरनिश्चितीच्या सुनावणीत स्वतःचे थकीत बिल फडकावणारे लोक दरवेळी दिसतात. त्यांचे दुःख खरे असते, पण त्या दिवशी त्या सभागृहात त्याचा उपयोग होत नाही.

मसुदा शोधणे हे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. केंद्राचे मसुदे भारताच्या राजपत्रात व त्या-त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, राज्याचे मसुदे महाराष्ट्र शासन राजपत्रात, तर आयोगांच्या जाहीर सूचना मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांत येतात. या सूचना नेमक्या त्याच पानावर छापलेल्या असतात जे आपण निविदांचे पान समजून उलटतो. सूचना हाती लागताच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: शेवटची तारीख, हरकत कोणत्या माध्यमातून स्वीकारली जाणार आहे, आणि तिच्यासोबत कोणता तपशील मागितला आहे. केंद्र सरकारने 2014 मध्ये स्वीकारलेल्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर राहणे अपेक्षित आहे, परंतु हे धोरण आहे, कायदा नाही, आणि त्याचे पालन सर्व खात्यांत सारखे होत नाही. मुदत अपुरी वाटल्यास ती संपण्यापूर्वीच मुदतवाढ मागणारे दोन ओळींचे स्वतंत्र पत्र पाठवावे. अशा मागण्या नेहमीच व्यर्थ जातात असे नाही: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा 18 फेब्रुवारीची मुदत पुढे 5 मार्चपर्यंत वाढवण्यात आली होती. पार्श्वभूमीची कागदपत्रे हवी असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, मात्र त्याचे उत्तर देण्यास 30 दिवस मिळतात आणि तेवढ्यात हरकतीची मुदत संपून जाऊ शकते. म्हणून अर्ज केला तरी त्याच्या उत्तरावर विसंबून लेखन थांबवू नये.

मसुदा वाचताना प्रस्तावनेवर फार वेळ घालवू नये, कारण प्रस्तावनेत सर्व नियम जनहिताचेच असतात. व्याख्यांचे कलम मात्र सावकाश वाचावे. नियम कोणाला लागू आहे, कोणाला सूट आहे आणि सूट देण्याचा अधिकार कोणाकडे राखून ठेवला आहे, हे तेथे आणि शेवटच्या काही पानांत ठरलेले असते. ‘विहित करण्यात येईल’, ‘वेळोवेळी निर्देश देईल त्याप्रमाणे’ असे शब्द जेथे येतात तेथे पेन्सिलने खूण करावी. तेथे आज निर्णय झालेला नसतो आणि उद्याचा निर्णय कदाचित आपल्याला न विचारता होणार असतो. मराठी व इंग्रजी दोन्ही मसुदे उपलब्ध असतील तर ज्या कलमावर हरकत घ्यायची आहे ते दोन्हींत ताडून पाहावे.

आता प्रत्यक्ष लेखन. समजा, मसुद्यात अशी तरतूद आहे की छतावरील सौरसंचातून दिवसा तयार झालेली वीज फक्त दिवसाच्याच वापरातून वजा केली जाईल. महावितरणच्या 2025 मधील बहुवर्षीय वीजदर याचिकेच्या, म्हणजे पुढील अनेक वर्षांचे दर एकदम ठरवून मागणाऱ्या अर्जाच्या वेळी सौरग्राहकांची चिंता याच स्वरूपाची होती, त्यामुळे हे उदाहरण अगदीच काल्पनिक नाही. यावर ‘ही ग्राहकांची लूट आहे, प्रस्ताव तत्काळ रद्द करा’ असे लिहिले तर त्यात उत्तर देण्यासारखे काहीच नसते. अधिकारी ‘ग्राहकांनी सर्वसाधारण विरोध नोंदवला’ असे एका ओळीत लिहून पुढे जातो. त्याऐवजी हरकतीचा परिच्छेद पुढीलप्रमाणे उभा करावा. आधी पान व परिच्छेद क्रमांक देऊन ती तरतूद एका वाक्यात जशीच्या तशी उद्धृत करावी. मग आकडा मांडावा: 3 किलोवॅटचा संच दिवसाला प्रति किलोवॅट सुमारे 4 युनिट या प्रचलित अंदाजाने महिन्याला 360 युनिट देतो, आपल्या घराचा वापर 350 युनिट आहे, त्यांपैकी दिवसाचा 120 आणि संध्याकाळनंतरचा 230, कारण मे महिन्यात नागपुरात रात्रभर कूलर किंवा एसी चालू ठेवावा लागतो. सध्याच्या नेट मीटरिंग पद्धतीत, म्हणजे संचाची वीज एकूण वापरातून वजा होते तेव्हा, या घराला वापराच्या युनिटांचे पैसे लागत नाहीत. प्रस्तावित पद्धतीत 240 युनिट शिल्लक दिसत असतानाही 230 युनिटांचे बिल येईल. यानंतर परिणाम एका वाक्यात सांगावा: संच घेताना कर्जाची परतफेड ज्या बचतीवर मोजली होती ती बचतच नाहीशी होते. आणि शेवटी पर्यायी मजकूर द्यावा: ‘ही तरतूद अमुक तारखेपूर्वी संच बसवलेल्या घरगुती ग्राहकांना त्यांच्या कराराच्या मुदतीपर्यंत लागू होणार नाही.’

या चार पायऱ्यांपैकी शेवटची सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. मसुदा करणाऱ्याला तयार वाक्य मिळाले तर ते स्वीकारणे त्याला सोपे जाते, आणि न स्वीकारल्यास ते का योग्य नाही हे सांगावे लागते. संपूर्ण प्रस्तावालाच विरोध असेल तर तो अवश्य नोंदवावा, पण त्याखाली ‘हे मान्य न झाल्यास’ असे लिहून दुसरी, कमी मागणीही जोडावी. वकील न्यायालयात हेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. आकडे स्वतःच्या बिलाचे असावेत. व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता जोडू नये, कारण त्यातील एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या सहा खऱ्या मुद्द्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

एकाच मजकुराचे हजारो ईमेल पाठवावेत का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, अनुभव येथे उद्बोधक आहे. मार्च 2015 मध्ये ट्रायने इंटरनेटवरील ॲप व सेवांच्या नियमनाबाबत 118 पानांचा सल्लामसलत दस्तऐवज काढला, ज्यात 20 प्रश्न होते. स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरे तयार करून लोकांना दिली आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्याच वर्षाच्या शेवटी डेटाच्या भेदभावपूर्ण दरांबाबत, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगळे दर आकारण्याबाबत, दुसरा दस्तऐवज आला तेव्हा फेसबुकने निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ आपल्या वापरकर्त्यांकडून मोठ्या संख्येने संदेश पाठवले, परंतु त्यांत ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नसल्याचे ट्रायने स्पष्टपणे सुनावले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने भेदभावपूर्ण दरांवर बंदी घालणारे विनियम काढले. संख्येमुळे विषयाकडे लक्ष जाते हे खरे, परंतु विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर लाखांची संख्याही तोकडी पडते. म्हणून सामायिक मजकूर वापरायचाच असेल तर निदान एक परिच्छेद स्वतःच्या घराचा किंवा दुकानाचा असावा.

याच प्रकरणातून सावधगिरीचा आणखी एक धडा मिळतो. एप्रिल 2015 मध्ये ट्रायने आलेले अभिप्राय संकेतस्थळावर टाकले तेव्हा पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही त्यासोबत उघड झाले. हरकत हा सार्वजनिक दस्तऐवज होऊ शकतो असे धरूनच लिहावे. सूचनेत नाव, पत्ता व संपर्क मागितला असेल तर तो स्वतंत्र पहिल्या पानावर द्यावा, मुख्य मजकुरात नव्हे. बिलाची प्रत जोडताना ग्राहक क्रमांक झाकावा आणि आधारची प्रत मागितल्याशिवाय मुळीच जोडू नये.

व्यापाऱ्यांनी एक गोष्ट अधिक करावी. इतवारीतील किराणा व्यापारी ऑनलाइन विक्रीच्या नियमांवर लिहितो तेव्हा त्याचा त्यात आर्थिक हितसंबंध आहे हे वाचणाऱ्याला ठाऊकच असते. तो लपवण्यापेक्षा पहिल्याच परिच्छेदात सांगितल्यास पुढील आकड्यांना वजन येते. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थेमार्फत निवेदन गेले तरी स्वतःचे वेगळे पत्र द्यावे, कारण संस्थेच्या निवेदनात सर्व सदस्यांना चालेल एवढेच उरते आणि धारदार मुद्दे गळून पडतात.

भाषेची चिंता करू नये. राज्याच्या प्राधिकरणांना मराठीतच लिहावे. केंद्राच्या प्राधिकरणासाठी मराठी मजकुरावर अर्ध्या पानाचा इंग्रजी किंवा हिंदी सारांश जोडणे व्यवहार्य ठरते. पाठवल्यानंतर पोच जपून ठेवावी: ऑनलाइन असल्यास पडद्याचे छायाचित्र, टपालाने असल्यास स्पीड पोस्टची पावती, प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तेथे वाद न घालता त्याच दिवशी टपालाने पाठवावे.

सुनावणीत बोलायचे असल्यास हरकतीतच तसे नमूद करावे. बोलण्यास काही मिनिटेच मिळतात, म्हणून लेखी दिलेले सर्व वाचून दाखवू नये. सर्वांत मजबूत मुद्दा, त्याचा आकडा आणि मागणी एवढेच मांडावे. आधीच्या वक्त्याने तोच मुद्दा मांडला असेल तर ‘त्याच्याशी सहमत आहे, त्यात एक भर घालतो’ असे म्हणून पुढे जावे. आयोगाचे सदस्य दिवसभर तेच ऐकत असतात आणि वेळ वाचवणाऱ्याचे बोलणे त्यांच्या लक्षात राहते.

आदेश किंवा अंतिम नियम प्रसिद्ध झाल्यावर काम संपत नाही. वीज आयोगाच्या दरनिश्चिती आदेशात हरकती, त्यांवर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत अशी मांडणी असते. आपला मुद्दा तेथे कोणत्या शब्दांत नोंदला गेला आहे हे शोधावे. मुद्द्याची दखलच घेतलेली नसेल, किंवा कारण न देता तो फेटाळला असेल, तर विद्युत अधिनियमाच्या कलम 111 खाली विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत अपील करता येते. ते दिल्लीला असल्याने एकट्या घरगुती ग्राहकाला परवडणारे नाही. ग्राहक संघटनेकडे आपली मूळ हरकत, पोच आणि आदेशातील संबंधित पानाची प्रत पहिल्याच आठवड्यात पोहोचवावी, म्हणजे त्यांना वकिलाशी बोलायला वेळ उरतो.