बोटीवर इस्त्री नेता येत नाही, तर बॅग कशी भरायची

डोंबिवलीत तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की मी ते आधी मुठीत चुरगळून बघते. बोटीच्या सहलीची बॅग भरतानाही हीच परीक्षा लावते. कपडा मुठीत घट्ट दाबायचा, वीस आकडे मोजायचे, मूठ उघडायची. झटकल्यावर सुरकुत्या गेल्या तर बॅगेत, नाहीतर परत कपाटात.

याला कारण आहे. आगीच्या भीतीने बहुतेक मोठ्या बोटींवर प्रवाशांना इस्त्री नेऊ देत नाहीत. गेल्या जुलैत माझी तळहाताएवढी इस्त्री बंदरावरच्या तपासणीत काढून घेतली आणि हातात चिठ्ठी दिली. ती परत मिळाली शेवटच्या दिवशी. नणंदेने 'पहाटेच्या चहासाठी' आणलेली पाणी तापवायची कॉईलही त्याच टोपलीत गेली. विजेची किटली आणि मेणबत्त्याही नकोत. एक्स्टेंशन बोर्डाचं तसंच, विशेषतः सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे विजेचा वाढलेला दाब अडवणारा. देवासाठी उदबत्ती लावायचा विचार असेल तर तोही घरीच ठेवा.

आम्ही चौघं होतो: मी, आमचे हे, नणंद आणि तिचे यजमान. सात रात्रींची फेरी. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, रोमसाठी चिवितावेक्किया बंदर, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, मग एक अख्खा दिवस नुसतं पाणी, आणि परत बार्सिलोना. ग्रुप टूरला रोज हॉटेल बदलतं, रोज बॅग उघडा आणि भरा. बोटीवर बिऱ्हाड एकदाच मांडायचं. कपडे कपाटात लावले की रिकामी बॅग पलंगाखाली सरकवायची. कपाट मात्र लहान असतं आणि हँगर मोजके. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, म्हणून फ्रिजला लावतो तसले चुंबकाचे हुक सहा घेऊन गेले. टोप्या, ओढण्या, ओला स्विमसूट, सगळं भिंतीवर टांगलं. आमच्या केबिनची चाळीतली खोली झाली, पण पलंग मोकळा राहिला.

आता कापडाचं. जुलैत दिवसा रोममध्ये पारा कधीकधी ३५ च्या वर जातो. लिनन फोटोत छान दिसतं आणि माझ्या मुठीत पहिल्या फेरीत नापास होतं. तरी मी एक लिननची पँट नेते, कारण तिच्या सुरकुत्या 'अशाच असतात' म्हणून खपतात. सुती मलमल चुरगळते, पण रात्री बेसिनमध्ये धुऊन बाथरूममधल्या दोरीवर टाकली की सकाळी वाळलेली असते. रेयॉन अंगावर सुंदर पडतं, पण वाळता वाळत नाही आणि आटतंही. क्रिंकल कॉटन मला सगळ्यात आवडतं. ते मुळातच चुरगळलेलं, आणखी काय चुरगळणार! पिळा देऊन त्याची दोरी करा आणि बुटात कोंबा. क्रेप आणि जॉर्जेट संध्याकाळसाठी, दिवसा नको. पॉलिस्टरच्या कपड्यात उन्हात भट्टी होते. एवढं करूनही सुरकुती राहिलीच तर कपडा बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याने आंघोळ करायची, वाफेने बरंच काम होतं.

रंगांचा नियम साधा आहे. मी गडद निळा, पांढरा आणि तिसरा एकच भडक रंग घेते. या वेळी तो गुलबक्षी होता. दोन पँट, एक लांब स्कर्ट, पाच टॉप, एक सैल पायघोळ झगा. कुठलाही टॉप कुठल्याही खालच्या कपड्यावर जातो, म्हणजे पंधरा जोड झाले. नणंदेने रोजचा वेगळा ड्रेस, त्याची वेगळी ओढणी, वेगळी चप्पल असं आणलं होतं. तिची बॅग विमानतळावर २३ किलोच्या वर गेली आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत तिचे चार कुडते माझ्या बॅगेत आले. माझी चौदा भरली होती.

खरी हौस संध्याकाळची. सात रात्रींत साधारण दोनदा नटूनथटून जेवायला जायची रात्र असते. बाकी बायका गाउन घेऊन येतात, आपण साडी न्यावी. मात्र पैठणी नको. दुकानातल्या काट्यावर माझी पैठणी साडेआठशे ग्रॅम भरली, जॉर्जेट चारशे. शिवाय खाऱ्या दमट हवेत खरी जर काळी पडते. मी एक गडद निळी जॉर्जेट आणि एक महेश्वरी नेली. दोन्हीला मिळून एकच जुन्या सोनेरी रंगाचा ब्लाउज आणि एकच काळा परकर. बोट चालू झाली की डेकवर असा वारा सुटतो की पदर शेजारच्याच्या ताटात जातो. म्हणून निऱ्यांना आतून एक मोठी पिन, पदराला खांद्यावर दोन. टाचा जाड आणि बुटक्या हव्यात, कारण जमीन हलते.

आणखी एक, जे मला तिथे गेल्यावरच कळलं. जुलैत बार्सिलोनाला सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो, माल्टात त्याच्या तासभर आधी. म्हणजे 'रात्रीच्या' जेवणाला तुम्ही लख्ख उजेडात निघता. लग्नातल्या दिव्यांखाली शोभणारी टिकल्यांची साडी त्या उजेडात बॅन्डवाल्याच्या कोटासारखी दिसते. एकरंगी, मऊ पडणारं कापड घ्या आणि गळ्यात एकच ठसठशीत दागिना, तोही खोटा.

पुरुषांचं दोन ओळीत. कॉलरचे तीन शर्ट, एक फुल पँट, बंद बूट आणि एक सिल्कचा कुडता. अर्ध्या चड्डीत संध्याकाळच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. यांनी "मी पैसे भरलेत" वगैरे करून पाहिलं आणि मग केबिनमध्ये जाऊन पँट चढवून आले.

बंदरावर उतरताना सगळ्यात उपयोगी पडते ती एक मोठी सुती ओढणी. रोममधल्या व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बाईचे तसेच पुरुषाचेही. चिवितावेक्किया ते रोम सुमारे ८० किलोमीटर. एवढं जाऊन दारातून परत फिरायचं नसेल तर ओढणी बॅगेत हवीच. व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये आणखी एक अट आहे, टोकदार टाचांना मनाई. तिथली जमीन म्हणजे सरदारांच्या संगमरवरी समाध्या आहेत, रंगीत दगडात हाडं, कवट्या आणि चिन्हं जडवलेली. त्यावर टाच रोवून कसं चालायचं? बार्सिलोनात किनारा सोडून पोहण्याच्या कपड्यात रस्त्यावर फिरलं तर दंड होतो. तीच ओढणी तिथेही कामाला येते, आणि रात्री थंडगार थिएटरमध्येही.

बूट नवे नेऊ नका, महिनाभर वापरलेले न्या. रोमचे दगडी रस्ते आणि व्हॅलेटाच्या उताराच्या पायऱ्या नव्या बुटांना माफ करत नाहीत. पाण्याची बाटली मात्र घ्या. रोममध्ये चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात.

पाकीटमारांसाठी माझा धंदा कामी आला. प्रत्येक पँटला आतून कमरेशी चोरखिसा शिवला, पासपोर्ट मावेल एवढा, वर चेन. परकरालाही एक. शिवणं येत नसेल तर कोपऱ्यावरच्या टेलरकडे द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. नणंद हसली होती. बार्सिलोनाच्या मेट्रोत तिच्या पर्सची चेन कोणीतरी अर्धी उघडली, त्या संध्याकाळी तिने माझ्याकडे सुई-दोरा मागितला.

खाऊचं सांगते, कारण आपल्याकडे बॅगेचा चौथा कोपरा खाऊचाच असतो. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तुपाची बरणी सगळं बाद. हापूसही नाही, ताज्या फळांना कागदपत्रं लागतात. बाकरवडीचं सीलबंद पाकीट, आलेपाक आणि आवळा सुपारी एवढंच घेतलं. शेवटच्या दोन गोष्टी बोट लागणाऱ्यांसाठी. मळमळीची गोळी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि रोजच्या औषधांसोबत चिठ्ठी ठेवा.

आता पहिल्या दुपारची पिशवी, जिच्याकडे मी पहिल्या सहलीत दुर्लक्ष केलं होतं. बंदरावर मोठी बॅग नावाची चिठ्ठी लावून घेऊन जातात, ती केबिनच्या दाराशी येते कधी संध्याकाळी, कधी रात्री. मी घामेजलेल्या जाड कुडत्यात सात वाजेपर्यंत बसले होते आणि समोर लोक बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात डुंबत होते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चार्जर, स्विमसूट, सपाता, एक क्रिंकलचा झगा आणि पंचा. हो, पंचाच. तलावाचा टॉवेल बोट देते आणि हरवला तर पैसे लावते. पंचा मुठीएवढा होतो, पिळला की वाळतो, ऊन लागलं तर डोक्यावर घेता येतो.

शेवटच्या रात्री हाच प्रकार उलटा. मोठी बॅग मध्यरात्रीच्या आत केबिनबाहेर ठेवायची, ती रातोरात खाली जाते. त्याआधी उद्याचे कपडे बाजूला काढून खुर्चीवर ठेवा, अगदी मोजे आणि पट्ट्यासकट. यांनी रात्री साडेअकराला मोठ्या उत्साहाने सगळं भरून बॅग दाराबाहेर लावली आणि झोपले. सकाळी पँट शोधायला लागले. बार्सिलोनाच्या बंदरावर ते चट्टेरीपट्टेरी पायजमा, वर सिल्कचा कुडता आणि खाली चकचकीत काळे बूट घालून उतरले. वाटेत एका इटालियन आजोबांनी थांबवून कपडा कुठला म्हणून कुडत्याला हात लावून बघितला.