तिकडं गप्प बसलं की 'हो', आपल्याकडं गप्प बसलं की 'नाही': अवयवदानासाठी घरी काय करून ठेवायचं

३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो, त्याच्या आसपास ग्रुपवर हमखास कोणीतरी टाकतं की स्पेनमध्ये कायद्यानं सगळेच डोनर, फॉर्म नाही काही नाही, मग आपल्याकडं काहून असा कायदा करत नाहीत. हे अर्धंच खरंय बघा. स्पेनचा कायदा १९७९ चा, ज्यानं जिवंतपणी 'नको' म्हटलं नाही त्याची संमती आहे असं धरायचं, इथपर्यंत बरोबर. पण तिथले डॉक्टर आजही आधी घरच्यांशी बोलतात, आणि घरचे नको म्हणले की विषय संपला. तिथलं काम खरं वाढलं ते १९८९ ला वेगळी राष्ट्रीय संस्था काढून दवाखान्या-दवाखान्यात घरच्यांशी नीट बोलणारे ट्रेन केलेले कोऑर्डिनेटर बसवले तेव्हापासून, कायदा तर त्याच्या आधी दहा वर्षं होताच की. आज तिथं दहा लाख लोकांमागे वर्षाला चाळीसच्या वर लोकांचं मरणोत्तर अवयवदान होतं, आपल्याकडं एकसुद्धा धड नाही.

आपला कायदा १९९४ चा, २०११ ला त्यात दुरुस्ती झाली, २०१४ ला नवे नियम आले. आपल्याकडं कोणी स्पष्ट हो म्हणल्याशिवाय काहीच होत नाही, आणि तुम्ही लिहून ठेवलेलं असलं तरी त्या वेळी सही घरच्यांचीच घेतात, ते अडले की दवाखानेवाले पुढं जात नाहीत. म्हणून मी तर म्हणतो कार्ड नंतर काढा, आधी घरी बोला.

बोलायचं कोणाशी हे पण नीट ठरवा. नुसतं बायकोला सांगून भागत नाही. आपल्याकडं आयसीयूबाहेर बायको एका कोपऱ्यात रडत बसलेली असते आणि निर्णय घ्यायला चुलता, मेव्हणा, थोरला भाऊ, गावाकडून जीप करून आलेली भावकी असे सगळे असतात, त्यातला एक जण जरी म्हणला की "पोराची चिरफाड करायची नाही, माती नीट होऊ द्या" की बाकीचे गप्प. म्हणजे ज्या माणसाचा शब्द तुमच्या घरात चालतो त्याला आधी सांगा. सरळ सांगायचं, "दादा, माझं काही झालं आणि डॉक्टरनी विचारलं तर हो म्हणायचं, कोणी आडवं आलं तर मी सांगून ठेवलंय म्हणा". आजीला वाटतं डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं होतंय, तिच्याशी वाद घालत बसू नका, तिच्यासमोर नुसतं बोलून ठेवा, नंतर तीच चार जणांना सांगते की त्याची इच्छा होती म्हणून.

आता कागद. नोटो म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या साइटवर आधार नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, कोणते अवयव द्यायचे ते टिक करायचं, कार्ड डाउनलोड होतं. फुकट आहे, दहा रुपये मागणारा कोणी भेटला तर त्याला वाटेला लावा. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी फॉर्म ७ असतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक पाहिजे, मला तर ही अट लई आवडते कारण सहीच्या निमित्तानं घरात विषय निघतो. लायसन्सच्या अर्जातही अवयवदानाचा प्रश्न असतो, एजंट आपल्याला न विचारताच तो कॉलम भरून टाकतो, तेव्हा तो अर्ज एकदा स्वतः बघा. कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून द्या, पाकिटात असलेलं कार्ड ॲक्सिडेंटच्या वेळी कोणाला सापडत नाही. मन बदललं तर नोंद कधीही काढता येते. काही अडलं तर १८०० ११ ४७७० हा टोल फ्री नंबर चोवीस तास चालू असतो.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे आयसीयू, तिथं काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं. मरणोत्तर दानात किडनी, लिव्हर, हृदय हे आपल्याकडं जवळपास नेहमी ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटकडूनच मिळतात, बहुतेक वेळा डोक्याला मार लागलेला नाहीतर मेंदूत रक्तस्राव झालेला पेशंट. आता घरच्यांना काय दिसतं, मॉनिटरवर ठोके चालू, छाती वरखाली होते, हात धरला तर गरम, आणि डॉक्टर म्हणतो पेशंट गेला. कोणाला पटंल? पण ती छाती व्हेंटिलेटर हलवत असतो. म्हणून कायद्यानं चार डॉक्टर सांगितलेत, प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा माणूस त्यात चालत नाही, आणि सगळ्या टेस्ट कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा करायच्या. त्यातली एक टेस्ट अशी की व्हेंटिलेटर थोडा वेळ काढतात, ऑक्सिजन चालू ठेवतात आणि पेशंट स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते बघत उभे राहतात. तुम्हाला शंका असेल तर दुसरी टेस्ट कधी आहे ते बिनधास्त विचारा, डॉक्टर कोण कोण आहेत ते विचारा. कोमा वेगळा, त्यातून माणूस परत येऊ शकतो, ह्यातून नाही.

हो म्हणल्यावर फॉर्म ८ वर नातेवाइकाची सही होते. तिथून पुढं अवयवांसाठी पेशंटला सांभाळायचा जो खर्च आहे तो घरच्यांनी द्यायचा नाही असं नियमात आहे, आधीच्या उपचाराचं बिल मात्र वेगळं. अवयव कोणाला जाणार हे घरच्यांना ठरवता येत नाही, ते वेटिंग लिस्टनुसार ठरतं. मराठवाड्याचं काम छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीकडं, म्हणजे अवयव वाटपाचं बघणाऱ्या विभागीय कमिटीकडं आहे, मुंबई, पुणे, नागपूरलाही तशाच कमिट्या आहेत. ॲक्सिडेंट असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टम आलंच, त्यामुळं मातीला वेळ लागणार, एखादा दिवससुद्धा जाऊ शकतो, हे गावाकडं फोन करून आधीच सांगा नाहीतर इकडं लोक स्मशानात ताटकळत बसतात आणि तिथंच नावं ठेवायला सुरुवात होते. बॉडी टाके घालून, नीट करून परत देतात, अंघोळ, विधी सगळं करता येतं.

खेड्यात घरीच म्हातारं माणूस गेलं तर किडनी-लिव्हर नाही देता येत, पण डोळे देता येतात, चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी बहुतेक वेळा चालतं. सहा तासांच्या आत झालं पाहिजे, म्हणून पहिला फोन आयबँकेला, मग पाहुण्यांना. तोपर्यंत पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीनं थोडं उंच करा. टीम येऊन अर्ध्या तासाच्या आत मोकळी होते. तालुक्याच्या ठिकाणापासून लांब असाल तर जवळची आयबँक कोणती आणि ती तुमच्या गावापर्यंत येते का हे आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा, रात्री दोनला शोधत बसायची वेळ नको.

देहदान हे अजून वेगळं, त्यात अख्खी बॉडी मेडिकल कॉलेजला शिकण्यासाठी जाते, संभाजीनगरच्या घाटीला, अंबाजोगाईला, जिथं जवळ असेल तिथं. अवयव काढलेली बॉडी कॉलेज सहसा घेत नाही, डोळे दिलेले चालतात. दोन्ही फॉर्म भरले असतील तर आधी काय, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आणि ज्यांची पोरं बाहेरच्या देशात आहेत त्यांनी हे पण बघा, कारण तिथं गप्प बसण्याचा अर्थ उलटा होतो. नेदरलँड्समध्ये २०२० पासून तिथं नोंद असलेल्या अठरा वर्षांवरच्या माणसाला पत्र येतं, त्याला आणि नंतरच्या आठवणीच्या पत्रालाही उत्तर दिलं नाही तर हरकत नाही अशी नोंद होते. इंग्लंडमध्येही मे २०२० पासून नको म्हटलं नाही तर संमती धरतात, पण तिथं राहून बारा महिने झालेले नसले तर लागू नाही, आणि घरच्यांशी बोलतातच. फ्रान्समध्ये नकार नोंदवायचं वेगळं रजिस्टर आहे. सिंगापूरचा १९८७ चा कायदा जरा कडक आहे, तिथले नागरिक आणि पीआरवाले (कायम राहायची परवानगी असलेले) एकवीसचे झाले की आपोआप त्यात, बाहेर पडता येतं पण पडलेल्या माणसाला स्वतःला अवयव लागला तर यादीत मागं टाकतात. मला हा हिशोब वाईट वाटत नाही, बाकी ज्याचं त्यानं ठरवावं. पोराला फोनवर विचारा, तू हो नोंदवलंय का नको, का ते पत्र अजून फोडलंच नाही, कारण तिकडच्या दवाखान्यातून त्या वेळी फोन तुम्हालाच येऊ शकतो.