पाळलेल्या सागरी माशांवरील जिवाणूंपासून बहुशर्करा कशी मिळवावी

पिंजऱ्यात किंवा टाकीत वाढवलेला सागरी मासा हातातून निसटतो तो अंगावरच्या बुळबुळीत श्लेष्म्यामुळे. हा श्लेष्मा माशाचा स्वतःचा असला, तरी त्यात जिवाणूंची वस्ती असते आणि त्यांपैकी काही जिवाणू पेशीबाहेर स्वतंत्र बहुशर्करा (पॉलिसॅकराइड, म्हणजे शर्करेचे अनेक रेणू जोडून बनलेला पदार्थ) सोडतात. पृष्ठभागाला चिकटून राहणे आणि क्षारतेच्या चढउतारात तग धरणे त्यांना या आवरणामुळे सोपे जाते. ही बहुशर्करा शुद्ध स्वरूपात हाती कशी लागेल, ते येथे सांगितले आहे.

नमुना घेताना मासा योग्य मात्रेत भूल देऊन ओल्या मऊ कापडावर ठेवावा, निर्जंतुक समुद्रपाण्याने हलकेच धुवावा, म्हणजे पाण्यातून नुसते येऊन बसलेले जिवाणू निघून जातात, आणि मग पाठीच्या पराखालच्या भागावरून निर्जंतुक कापसाचा बोळा डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा. उलट दिशेने फिरवल्यास खवले उचकटतात. श्लेष्मा हे माशाचे संरक्षककवच असल्यामुळे तो खरवडून काढू नये. त्याच टाकीतील पाण्याचाही नमुना सोबत घ्यावा, कारण त्याशिवाय जिवाणू माशावरचा की पाण्यातला, हा प्रश्न पुढे सुटत नाही.

बोळा निर्जंतुक समुद्रपाण्यात ढवळून टप्प्याटप्प्याने दहा-दहा पटींनी पातळ करावे आणि प्रत्येकातील 0.1 मिलिलीटर झोबेल 2216 अगार या, सागरी जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर पसरावे. माध्यमात 2 ते 3 टक्के ग्लुकोज घातल्यास बहुशर्करा बनवणारे जिवाणू सहज उठून दिसतात. सुक्रोज मात्र जपून वापरावे, कारण काही जिवाणू त्यापासून लेव्हान किंवा डेक्स्ट्रान या परिचित बहुशर्करा बनवतात आणि नवे काही सापडल्याचा भास होतो. 25 अंश सेल्सिअसला दोन ते पाच दिवसांत ओलसर, चकचकीत, फुगीर वसाहती दिसू लागतात. वसाहतीला तारेचा लूप टेकवून सावकाश वर उचलावा. वसाहतीतून चिकट धाग्यासारखी तार सुटली, तर ती वसाहत वेगळी काढून शुद्ध करावी.

द्रव माध्यमात तीन ते पाच दिवस वाढवलेला संवर्ध (जिवाणूंची वाढ झालेला द्रव) 4 अंशांना गुरुत्वाकर्षणाच्या 10,000 पट बलाने (10,000 जी) अर्धा तास सेंट्रिफ्यूज करावा, म्हणजे वेगाने गरगर फिरवावा. तो फार दाट असल्यास पेशी तळाशी बसत नाहीत; अशा वेळी निर्जंतुक मिठाच्या पाण्याने पातळ करून पुन्हा फिरवावा. वरच्या निवळीत थंड एथेनॉल दोन ते तीन पट, सतत ढवळत, थेंबाथेंबाने सोडावे. पांढरे कापसासारखे तंतू काचेच्या कांडीभोवती गुंडाळले जाताना पाहणे हा या कामातील सर्वांत आनंदाचा क्षण आहे. रात्रभर 4 अंशांवर ठेवलेला हा अवक्षेप (द्रवातून वेगळा झालेला घन पदार्थ) वजनदारही भरतो.

मात्र या वजनावर लगेच विश्वास ठेवू नये. समुद्रपाण्यातील क्षारही एथेनॉलमुळे खाली बसतात, माध्यमातील यीस्ट अर्कात यीस्टच्या स्वतःच्या बहुशर्करा असतात आणि प्रथिनेही सोबत येतात. म्हणून जिवाणू न घातलेले तेच माध्यम प्रत्येक पायरीतून समांतर न्यावे. माझ्या मते या तुलनेशिवायचे उत्पादनाचे आकडे छापूच नयेत. अवक्षेप पाण्यात विरघळवून 12,000 ते 14,000 डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत (हिच्यातून त्याहून लहान रेणू बाहेर जातात, मोठे आत राहतात) भरावा आणि ऊर्ध्वपातित पाणी वारंवार बदलत निदान दोन दिवस ठेवावा. बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरी गढुळता येईनाशी झाली, की क्लोराइड गेले असे समजावे. नंतर गोठवून निर्वातात वाळवावा.

शर्करेचे प्रमाण फिनॉल व सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीने, 490 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण पाहून मोजावे. आम्ल संहत असल्याने हे काम वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूड) करावे. प्रथिने ब्रॅडफोर्ड या रंगद्रव्याच्या पद्धतीने 595 नॅनोमीटरला तपासावीत.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्यापूर्वी 16एस आरआरएनए या, जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकावरून जिवाणूची ओळख पटवणे आवश्यक आहे. व्हिब्रिओ अँग्विलारम आणि फोटोबॅक्टेरियम डॅमसेले हे माशांना मारक जिवाणू याच त्वचेवर आढळू शकतात, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस हाताच्या जखमेतून माणसालाही गंभीर संसर्ग करतो. निर्धोक ठरलेला जिवाणू पहिल्याच आठवड्यात 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर साठवावा, कारण वारंवार उपसंवर्ध करत (नव्या माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवत) गेल्यास अनेकदा तार सुटेनाशी होते.