सौर कृषी पंप: अर्जापासून पाणी पडेपर्यंत या चुका टाळा

“पाच एचपीचा पंप आहे, पण लाइटवरच्या मोटारीएवढं पाणी काही पडत नाही.” सौर पंप बसलेल्या कुठल्याही गावात पारावर बसलात तर ही तक्रार ऐकू येतेच. दोष कधी कंपनीचा असतो, कधी जोडणीचा. पण बहुतेक वेळा पंप शेतात येण्याआधीच काहीतरी चुकलेले असते: अर्ज भरताना, जागा दाखवताना किंवा सही करताना. ते वेळीच कळले तर पुढची कित्येक वर्षांची डोकेदुखी वाचते.

राज्य शासनाने 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. त्याआधी मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना होती आणि केंद्राची पीएम-कुसुम 2019 मध्ये सुरू झाली. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे, बाकीचा भार अनुदानावर. पाणी दिवसा देता येते, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन साप-विंचवांतून जावे लागत नाही. जुन्नर-आंबेगावकडे तर उसात बिबट्या असतो, तिथे दिवसाचे पाणी हा जिवाचा प्रश्न आहे. योजना चांगली आहे, म्हणूनच ती आपल्या शेतात नीट उतरली पाहिजे.

अर्ज भरताना

विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर नोंदलेला नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. आधी तलाठ्याकडे जाऊन नोंद करून घ्या, मग अर्ज करा. सामाईक खात्यावर इतर हिस्सेदारांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. भावकीत बोलणे नसेल तर हेच काम सगळ्यांत लांबते, ते आधी उरका. ज्या शेतात पारंपरिक कृषी वीजजोडणी आहे, त्या शेतासाठी अर्ज करून हेलपाटे घालू नका.

अर्ज सेवा केंद्रात भरला तर मोबाइल नंबर स्वतःचा टाकला आहे ना, हे स्क्रीनवर डोळ्यांनी बघा. केंद्रचालकाचा नंबर पडला की पैसे भरायचा संदेश, पुरवठादार निवडायचा संदेश, सगळे त्याच्या फोनवर जाते आणि शेतकरी महिनोन्‌महिने वाट बघत बसतो. कुसुमच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालतात, केंद्र सरकारने त्याबद्दल वारंवार सावध केले आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर एक रुपयाही भरू नका. हिस्सा फक्त महावितरणच्या अधिकृत पोर्टलवरून भरा आणि पावती जपून ठेवा.

पुरवठादाराची निवड शेतकऱ्याच्या हातात आहे. यादीतले पहिले नाव टिचकी मारून मोकळे होऊ नका. आपल्या तालुक्यात कोणत्या कंपनीचा माणूस दुरुस्तीला येतो, हे दोन वर्षांपूर्वी पंप बसवलेल्या शेतकऱ्याला विचारा. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा त्याचे उत्तर भरवशाचे.

एचपी बघितला, हेड बघितलाच नाही

योजनेत जमिनीनुसार क्षमता ठरते. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, अडीच ते पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यावर 7.5 एचपी. त्यामुळे सगळी चर्चा एचपीभोवती फिरते. पण त्याच 3 एचपीत कमी हेडचा पंप येतो तसा जास्त हेडचाही येतो. हेड म्हणजे पंपाला पाणी जेवढ्या उंचीवर चढवायचे ती एकूण उंची. पाणी किती पडणार हे त्यावर ठरते.

हिशेब अवघड नाही. पॅनेलमधून येणारी ताकद ठरलेली असते. तेच पाणी दुप्पट उंचीवर चढवायचे म्हटले की साधारण निम्मेच चढते. म्हणून शेततळ्यातून उचलायला कमी हेडचा पंप भरपूर पाणी देतो आणि खोल बोअरमध्ये तोच पंप नुसता गुरगुरतो. उलट, उथळ विहिरीवर जास्त हेडचा पंप बसवला तर पाणी उगाच कमी पडते.

हेड मोजताना विहिरीची खोली सांगून भागत नाही. आपली विहीर किती परस आहे हे प्रत्येकाला पाठ असते, पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उन्हाळ्यात, मोटार तासभर चालल्यावर पाणी किती खाली जाते? तिथून जमिनीपर्यंतची उंची धरा. शेत किंवा टाकी विहिरीपेक्षा उंचावर असेल तर ती उंची मिळवा. त्यात पाइपलाइनचे घर्षण मिळवा. पाइप लांब आणि बारीक असेल तर हे घर्षण चांगलेच जड जाते. समजा उन्हाळ्यात पाणी 20 मीटरवर आहे, टाकी 8 मीटर उंच टेकाडावर आहे आणि पाइपलाइन 6 मीटर खाते. एकूण 34 मीटर झाले. 30 मीटर हेडचा पंप इथे दम तोडणारच आणि तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये तोडेल. ऑगस्टमध्ये पाहणी झाली असेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तेव्हा पाणी हाताला लागते.

महावितरण आणि पुरवठादाराची माणसे जागा बघायला येतात, त्या संयुक्त पाहणीच्या दिवशी घरी कुणीतरी पोर ठेवून बाजाराला जाऊ नका. स्वतः थांबा, उन्हाळ्यातली पातळी सांगा आणि ती कागदावर लिहून घ्या.

मे महिन्यात जागा निवडली, डिसेंबरमध्ये सावली आली

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत उशिरा कळते.

मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो. जालना-छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात वीस मेच्या आसपास तो भरदुपारी अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसत नाही. अशा दिवशी बांधावरच्या कडुलिंबाशेजारी जागा दाखवली तर ती उन्हात न्हालेली दिसते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. दहा मीटर उंचीच्या झाडाची सावली तेव्हा भरदुपारी नऊ मीटरच्या पुढे उत्तरेकडे पडते आणि सकाळी नऊच्या सुमारास वीस मीटरच्याही पुढे जाते. गहू-हरभऱ्याला, कांद्याला पाण्याची गरज त्याच दिवसांत असते.

“एका कोपऱ्यावर तर सावली आहे, त्याने काय होतंय” असे म्हणून सोडू नका. पॅनेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका पॅनेलवर सावली आली की त्याच्यातून जाणारा प्रवाह घटतो आणि त्याचा फटका साऱ्या ओळीला बसतो. वीजवाहिनीचा खांब, शेवग्याची फांदी, एवढेच काय, पॅनेलपुढे वाढलेला ऊससुद्धा पुरतो.

म्हणून जागा ठरवताना पॅनेलच्या दक्षिणेला, आग्नेयेला आणि नैर्ऋत्येला काय आहे ते पाहा. तिथे आज रोप असेल तर पाच वर्षांनी ते झाड होणार, हेही धरा. शेजाऱ्याच्या बांधावरचे झाड आपल्याला तोडता येत नाही, तेव्हा जागाच चार पावले सरकवा. झाड तोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. सौरऊर्जेसाठी बांधावरची जुनी झाडे पाडायची, हे मला अजिबात पटत नाही.

काळ्या मातीत आणखी एक गोष्ट सांभाळा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की दोन पावसाळ्यांत खांब कलतो. काँक्रीट भरताना उभे राहा, खड्डा किती खोल घेतला ते स्वतः बघा. खड्डा, सिमेंट, वाहतूक यांचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, उभारणी पुरवठादाराच्या जबाबदारीत येते.

पाणी पडल्याशिवाय सही नको

ढगाळ दिवशी “उद्या बघू, आज सही करा” म्हणणारा उद्या येईलच असे नाही. लख्ख उन्हात, सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान पंप चालवून बघा. पॅनेल, कंट्रोलर (पॅनेलची वीज मोटारीला देणारी पेटी) आणि मोटार यांच्यावरचे क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी जुळवा, फोटो काढून ठेवा. आकाशातल्या विजेपासून वाचवणारे वीज अटकाव यंत्र आणि अर्थिंग बसवले आहे का, ते विचारा. कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असलेली छोटी पेटी असते, तिच्यातून पंपाची माहिती दूरवर जाते. ती काढून टाकू नका, तक्रारीच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

पंप चालत नाही, आधी हे बघा

सकाळी सातला पंप चालू होत नाही म्हणून घाबरू नका. ऊन वर आल्यावरच तो जोर धरतो आणि दुपारनंतर पुन्हा मंदावतो. ठिबकवाल्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. ढग आला की दाब उतरतो आणि शेवटच्या लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, पाणी पोचत नाही. एकाच वेळी सगळे व्हॉल्व्ह उघडण्यापेक्षा लहान भाग पाडून पाणी द्या. जमल्यास दुपारचे पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवा.

मोटार फिरते पण पाणी फारच कमी पडते, आणि मोटार नुकतीच बसवलेली किंवा दुरुस्त करून आणलेली आहे, तर ती उलटी फिरत असण्याची शक्यता मोठी. तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या की ती सुलटी फिरते, पण हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. कंट्रोलरवर ड्राय रनचा, म्हणजे पाण्याविना मोटार फिरत असल्याचा, इशारा आला तर पाणी खाली गेले आहे. पंप थांबणे हे तिथे त्याचे संरक्षण आहे. हा इशारा बंद करून देणारे ‘जाणकार’ गावोगावी भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका, मोटार जळते.

हळूहळू पाणी घटत गेले असेल तर पॅनेलवरून बोट फिरवा. साखर कारखान्याच्या हंगामात राखेचा काळा थर बसतो, वीटभट्टीजवळ धुळीचा, द्राक्षबागेजवळ फवारणीचा. साफसफाई पहाटे किंवा संध्याकाळी करा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते. मऊ फडके आणि साधे पाणी पुरे, घासणी नको, पॅनेलवर पाय तर मुळीच नको. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर ते वाळून पांढरे डाग पडतात, लगेच पुसून घ्या. वळवाच्या पावसाआधी नट-बोल्ट आवळून घेणेही विसरू नका, एप्रिल-मेच्या वावटळीत सैल सांगाडे उडतात.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: कंट्रोलरचा खटका बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारेत वीज असते. ती काही शे व्होल्टची डीसी वीज आहे, तिचा झटका जीव घेऊ शकतो. कडबाकुट्टी किंवा घरचे दिवे त्या तारांवर जोडू नका. इतर यंत्रांसाठी वेगळा मान्यताप्राप्त कंट्रोलर येतो.

बिल नाही म्हणून दिवसभर उपसा

महाराष्ट्राच्या 80 टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत तेवढे साठते. खाली खाली बोअर घेत गेले की पाणी मिळेलच, असे हा खडक सांगत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली ती याचसाठी.

लाइटवरच्या मोटारीला भारनियमनाचा का होईना लगाम होता. सौर पंपाला तो नाही. ऊन आहे तोवर पंप चालतो, पिकाची गरज कधीच भागलेली असते आणि पाणी सरीत साचून राहते. शासनाने लाखो पंप वाटताना ठिबक सक्तीचे करायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. ती सक्ती येईपर्यंत आपण आपल्या विहिरीपुरते तरी करावे. दर महिन्याला दोरीने पाण्याची पातळी मोजून वहीत लिहा. शेजारच्या चार विहिरींची लिहिली तर आणखी बरे. एकाच झऱ्यावर सगळे बसलेले असतील तर फेब्रुवारीतच एकमेकांशी बोलून पाळ्या लावता येतात.

तक्रार करताना

पंपाला पाच वर्षांची हमी असते आणि विमाही असतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. दुरुस्तीसाठी गावातल्या मेकॅनिककडून कंट्रोलर उघडला तर हमीवर पाणी सोडावे लागते. आधी पुरवठादाराला कळवा, त्याच दिवशी महावितरणच्या टोल-फ्री क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फोनवर “येतो, येतो” ऐकत महिना घालवू नका, नुसत्या फोनची कुठेही नोंद राहत नाही. पॅनेल किंवा केबल चोरीला गेली तर लगेच पोलिसांत फिर्याद द्या, फिर्यादीशिवाय विमा पुढे सरकत नाही. वादळात सांगाडा पडला तर तो उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घ्या आणि त्यात क्रमांकाच्या पट्ट्या दिसू द्या.